अपडेट झालं, आता मागे कसं यायचं?

चार दिवस टाळलेलं अपडेट पाचव्या दिवशी रात्री, फोन चार्जिंगला लावता लावता सुरू केलं आणि सकाळी उठून पाहतो तर फोन अनोळखी झालेला. संध्याकाळपर्यंत टिकणारी बॅटरी दुपारीच मान टाकायला लागली. ब्लूटूथ हेडफोन मधेच सुटायचा. कीबोर्ड वर यायला इतका वेळ लागायचा की काय लिहायचं होतं तेच विसरून जायचो. दोन दिवस फोनला शिव्या घातल्या आणि मग बहुतेक लोक करतात तेच केलं. फोन रिसेट मारला.

तासाभराने फोन पुन्हा उभा राहिला. भाषा विचारली, वायफाय विचारलं, खातं विचारलं. सेटिंग्जमध्ये जाऊन 'फोनविषयी' उघडलं. आवृत्ती तीच होती, नवीच. गेली होती ती फक्त माझी टिपणं आणि बॅकअप न घेतलेले फोटो.

'फॅक्टरी रिसेट' हे नावच फसवं आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, फोन कारखान्यातून निघाला त्या दिवशी जसा होता तसा होईल. प्रत्यक्षात फोनच्या स्टोरेजचे वेगवेगळे कप्पे असतात. एका कप्प्यात ऑपरेटिंग सिस्टीम, एकात ती सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, एकात मोडेम म्हणजे नेटवर्कशी बोलणाऱ्या चिपचं सॉफ्टवेअर आणि एका मोठ्या कप्प्यात आपला डेटा. रिसेट फक्त हा शेवटचा कप्पा पुसतो. अपडेट मात्र पहिले तीन कप्पे नव्याने लिहून गेलेलं असतं. घरातलं सगळं सामान बाहेर काढलं म्हणून भिंतींचा आधीचा रंग परत येत नाही, तसंच हे.

मग जुनी आवृत्ती फोनमध्ये कुठेतरी ठेवलेली नसते का? संगणकाची सवय असलेल्यांना हा प्रश्न पडतोच, कारण विंडोज मोठ्या अपडेटनंतर जुनी प्रत एका फोल्डरमध्ये जपून ठेवतं आणि साधारण १० दिवस मागे जायची सोय देतं. फोनमध्ये याचं उत्तर 'असते, पण आपल्यासाठी नाही' असं काहीसं आहे.

अँड्रॉइड ७.० बरोबर, २०१६ मध्ये, अपडेटची एक नवी पद्धत आली. फोनमध्ये सिस्टीमचे दोन संच, ए आणि बी. आपण ए वापरत असतो तेव्हा अपडेट मागच्या मागे बी मध्ये लिहिलं जातं. आपण फोन वापरतोय, फोटो काढतोय, आणि तिकडे शेजारच्या खोलीत काम चालू आहे. शेवटी फोन फक्त एकदा रीस्टार्ट करायचा, तो बी वरून उठतो. बी वरून नीट उठलाच नाही, तर काही प्रयत्नांनंतर फोन आपणहून ए कडे परततो. म्हणजे परतीची वाट आहे तर! आहे, पण ती फोन उठलाच नाही तर वापरायची आहे. फोन उठला, पडदा दिसला, की नव्या संचावर 'यशस्वी' असा शिक्का बसतो. बॅटरी दुपारी संपते की नाही हे तो शिक्का विचारत नाही. शिवाय दोन पूर्ण संच ठेवायला जागा फार लागते, म्हणून अँड्रॉइड ११ पासून जागा वाचवणारी पद्धत आली. तीत नव्या आवृत्तीतले फक्त बदल वेगळे साठवतात आणि फोन नीट उठल्यावर ते मूळ जागी मिसळून टाकतात. एकदा मिसळले की जुनं काही उरतच नाही.

म्हणून मागे जायचं म्हणजे जुनी आवृत्ती बाहेरून आणून पुन्हा बसवायची. संगणकाला केबल जोडून किंवा कंपनीने दिलेली फाइल फोनमध्ये टाकून. याला लोक 'फ्लॅश मारणं' म्हणतात. आता ही बाहेरून आणलेली फाइल फोन स्वीकारेल का?

फोन आधी सही बघतो

फोन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होतो तो चिपमध्येच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम. तो कारखान्यात लिहिला जातो आणि पुन्हा कधीच बदलत नाही. तो पुढच्या प्रोग्रॅमची तपासणी करतो, ठीक वाटला तर त्याच्या हाती सूत्रं देतो. तो पुढच्याची तपासणी करतो. अशी साखळी होत होत शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होते. या साखळीतल्या मधल्या कडीला बूटलोडर म्हणतात आणि डाउनग्रेडच्या, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत जाण्याच्या, गप्पांमध्ये सगळ्यात जास्त नाव याचंच निघतं.

तपासणी कसली? सहीची. कंपनी आवृत्ती तयार करते तेव्हा त्या पूर्ण फाइलचा गणिताने एक छोटा ठसा काढते आणि आपल्या गुप्त किल्लीने त्यावर सही करते. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा पूर्ण वेगळा येतो आणि सही जुळत नाही. फोनला ती किल्ली माहीत नसते, पण सही खरी की खोटी हे ओळखण्यापुरती माहिती त्याच्यात असते. त्यामुळे कुणीतरी मध्ये काही घुसवलेली फाइल फोन नाकारतो.

इथवर ठीक. पण जुन्या आवृत्तीवरही कंपनीची सही खरीच असते की! दोन वर्षांपूर्वी कंपनीनेच ती दिली होती. मग ती का नाकारायची?

कारण चोर. २०१५ च्या जुलैमध्ये अँड्रॉइडमधली 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी उघड झाली. व्हिडिओ वाचणाऱ्या भागात ती होती आणि नुसता एक खास बनवलेला एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरकाव करता येऊ शकत होता. लगेच पुढच्या महिन्यापासून गूगलने दर महिन्याला सुरक्षा-पत्रक काढायला सुरुवात केली. कुठली त्रुटी होती, कुठे होती, कधी बुजवली. ही पत्रकं आपल्याइतकीच हल्लेखोरही वाचतात. बुजवलेल्या भोकांची यादी म्हणजे ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्या घरच्या उघड्या खिडक्यांची यादी. आता समजा तुमचा फोन चोरीला गेला. चोराला पासवर्ड माहीत नाही, नवी आवृत्ती फोडता येत नाही. पण त्याला दोन वर्षांपूर्वीची, खऱ्या सहीची, भोकं असलेली आवृत्ती बसवता आली तर? सही असूनही जुनं नाकारायचं ते यासाठी. आपल्याला ज्याचा राग येतो तो अडसर मुळात आपल्यासाठी नाही, चोरासाठी आहे. फक्त फोनला दोघांतला फरक कळत नाही.

मागे न फिरणारा आकडा

जुनं ओळखायचं कसं, याचे अँड्रॉइडच्या जगात मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला, प्रत्येक आवृत्तीला एक क्रमांक द्यायचा आणि आजवर बसलेला सर्वांत मोठा क्रमांक फोनच्या अशा कोपऱ्यात लिहून ठेवायचा जिथे साध्या प्रोग्रॅमला हात लावता येत नाही. नवीन येणारी फाइल त्याहून लहान क्रमांकाची असेल तर ती सुरूच करायची नाही. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, याची नीट ठरलेली पद्धत आहे.

दुसरा मार्ग मला जास्त विलक्षण वाटतो. चिपमध्ये अतिसूक्ष्म फ्यूज असतात. घरातल्या फ्यूजसारखेच, एकदा उडाले की उडाले. शाबूत फ्यूज म्हणजे शून्य, उडालेला म्हणजे एक. कंपनीला एखादी जुनी आवृत्ती कायमची बंद करायची असली की अपडेटबरोबर आणखी एक फ्यूज उडवला जातो. फोन सुरू होताना मोजतो, किती उडाले? चार. मग फाइलचा क्रमांक चार किंवा वर हवा. तीन असेल तर चालणार नाही. हा आकडा कमी करायला कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगी नाही, कारण तो सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. सिलिकॉनमध्ये काहीतरी खरोखर जळालेलं आहे.

सॅमसंगच्या फोनवर हा हिशेब उघड्या डोळ्यांनी वाचता येतो. सेटिंग्जमध्ये बिल्ड क्रमांकाची लांबलचक ओळ असते. तिची शेवटची पाच अक्षरं घ्या. समजा ती ५, सी, व्ही, डी, डी अशी आहेत. शेवटून पाचवं, म्हणजे इथे ५, हा बूटलोडरचा क्रमांक. सी ही मोठी आवृत्ती, पहिली ए धरली तर तिसरी. व्ही म्हणजे २०२२ साल, डी म्हणजे चौथा महिना, एप्रिल, आणि शेवटचं अक्षर त्या महिन्यातली कितवी प्रत ते सांगतं. तुमच्या फोनवर ५ आहे आणि जुन्या फाइलवरही ५ आहे, तर मागे जाता येण्याची शक्यता चांगली. फाइलवर ४ असेल तर फोनच्या पडद्यावर बारीक लाल अक्षरांत 'रिव्हिजन चेक फेल, डिव्हाइस ५, बायनरी ४' अशा अर्थाची ओळ येते आणि काम तिथेच थांबतं. रात्रभर जागून चार जीबीची फाइल उतरवल्यावर ती ओळ बघण्यापेक्षा आधी पाच अक्षरं वाचलेली बरी.

या आकड्याने काय गोंधळ होऊ शकतो याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण ऑगस्ट २०२२ मधलं आहे. गूगलच्या पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए या फोनना अँड्रॉइड १३ आलं. त्याबरोबर बूटलोडरचा मागे न फिरणारा आकडा वाढवला होता. म्हणजे १३ वर गेलात की १२ वर परत येणं नाही, हे गूगलने स्वतःच जाहीर केलं. पिक्सेल हा फोन मोकळेपणासाठी ओळखला जातो, जुन्या आवृत्त्यांच्या फाइल गूगलच्याच संकेतस्थळावर ठेवलेल्या असतात, त्यामुळे त्याच्या मालकांना हे जरा जास्तच लागलं.

पण खरी गंमत पुढे. मघाशी ए आणि बी असे दोन संच पाहिले ना? अँड्रॉइड १३ बी मध्ये बसलं, बी वरून फोन उठला, आकडा वाढला. पण ए मध्ये अजून जुनाच बूटलोडर पडलेला. आता एखाद्याने बी मध्ये काही प्रयोग केला आणि बी उठेना. फोन नेहमीच्या शहाणपणाने ए कडे वळणार. तिथे जुना बूटलोडर, आकडा लहान. चालणार नाही. आणि फोन मेला. पडलो तर झेलायला लावलेली जाळी आणि चोराला अडवायला लावलेलं कुंपण, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र आल्यावर जीवघेणी. म्हणून गूगलला सांगावं लागलं की १३ वर गेल्यावर प्रयोग करणाऱ्यांनी दुसऱ्या संचातही नवा बूटलोडर आधी बसवून घ्यावा.

फोन मेला याला इंग्रजीत 'ब्रिक' झाला म्हणतात, आणि आपल्याकडेही तोच शब्द रूढ झालाय. वीट. हातात धरायला, खाली ठेवायला, कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला उपयोगी. त्यातही दोन जाती. नुसता लोगोवर अडकून पुन्हा पुन्हा सुरू होत राहणारा फोन बहुतेकदा वाचतो, कारण बूटलोडर जिवंत असतो आणि संगणकाशी बोलतो. बूटलोडरच गेला तर पडदा काळा, कंपन नाही, काही नाही. तिथे घरचे उपाय संपतात.

आयफोनमध्ये परवानगी दर वेळी नव्याने

ॲपलने वेगळा रस्ता धरला आणि तो २००९ च्या आयफोन ३जीएस पासून चालू आहे. इथे फाइलवर एकदा सही करून भागत नाही. प्रत्येक आयफोनच्या चिपला स्वतःचा एक क्रमांक असतो. तुम्ही केबल जोडून आवृत्ती बसवायला गेलात की फोन तो क्रमांक, बसवायच्या फाइलचा ठसा आणि त्या क्षणी तयार केलेला एक यादृच्छिक आकडा असं सगळं ॲपलच्या सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हरला मान्य असेल तर तो या फोनसाठी, या फाइलसाठी, या वेळेपुरती सही पाठवतो. मान्य नसेल तर नाही. फाइल तुमच्याकडे आहे, खरी आहे, ॲपलचीच आहे, तरी काही चालत नाही. 'हा फोन या आवृत्तीसाठी पात्र नाही' असा संदेश किंवा ३१९४ हा कुप्रसिद्ध त्रुटी क्रमांक येतो.

त्या यादृच्छिक आकड्याचं काम साधं आहे. आज मिळालेली सही जपून ठेवायची आणि पुढच्या वर्षी दाखवायची, ही युक्ती चालू नये. पुढच्या वर्षी फोन वेगळा आकडा तयार करेल, जुनी सही त्याला जुळणार नाही. तरी हौशी लोक वर्षानुवर्षं या सह्या साठवत आले आहेत आणि काही जुन्या फोनवर त्यांनी वाटा काढल्याही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तर आयफोन ४एस पासून आयफोन एक्सपर्यंतच्या फोनच्या अगदी पहिल्या, चिपमध्ये कोरलेल्या प्रोग्रॅममधलीच त्रुटी उघड झाली. जे कोरलेलं आहे ते अपडेटने दुरुस्त होत नाही, म्हणून ती त्या फोनमध्ये कायमची राहिली. पण हा छंद आहे, उपाय नव्हे. रोजच्या वापराच्या फोनवर कुणी करू नये.

सामान्य माणसासाठी नियम एवढाच: नवी आवृत्ती आल्यावर ॲपल साधारण आठवडाभर, दोन आठवडे मागच्या आवृत्तीवर सही देत राहतं. मग थांबतं. त्या खिडकीत असाल तर मॅकवर फाइंडर किंवा विंडोजवर आयट्यून्स अथवा ॲपल डिव्हाइसेस उघडायचं, फोन रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे सिस्टीम पुन्हा बसवायच्या खास अवस्थेत, न्यायचा, मॅकवर ऑप्शन आणि विंडोजवर शिफ्ट दाबून धरून 'रिस्टोअर' वर टिचकी मारायची आणि आधी उतरवलेली जुनी फाइल दाखवायची. खिडकी बंद झाली की दुकान बंद.

ही खिडकी उपयोगी पडल्याचा प्रसंग सप्टेंबर २०१४ मधला. आयओएस ८.०.१ आलं आणि नव्याकोऱ्या आयफोन ६ आणि ६ प्लसवर मोबाइल नेटवर्कच गेलं. बोटाचा ठसाही ओळखेना. साधारण तासाभरात ॲपलने ते अपडेट मागे घेतलं. तोवर चाळीस हजारांहून कमी फोनवर ते पोचलं होतं, असं कंपनीनेच सांगितलं. आणि लोकांना सूचना काय दिली? संगणकाला जोडा आणि ८.० परत बसवा. म्हणजे एरवी जो दरवाजा बंद ठेवायचा तोच कंपनीने स्वतः उघडून दिला. दुसऱ्याच दिवशी ८.०.२ आलं.

याहून सुटसुटीत सोय २०२३ मध्ये दिसली. ॲपलने छोट्या तातडीच्या सुरक्षा-दुरुस्त्या वेगळ्या पाठवायला सुरुवात केली आणि त्या सेटिंग्जमधूनच काढून टाकता येत होत्या. जुलैमध्ये आलेल्या अशाच एका दुरुस्तीने काही संकेतस्थळं नीट दिसेनाशी झाली, तेव्हा लोकांनी दोन टिचक्यांत ती काढली. मोठ्या अपडेटला असं बटण का नाही, याचं उत्तर डेटात आहे.

डेटा फक्त पुढे चालतो

हा भाग कुणी समजावून सांगत नाही आणि सगळ्यात जास्त हळहळ इथेच होते. मागे जाताना डेटा पुसला जातो, हे कंपनीने मुद्दाम केलेलं असावं असं वाटतं. काही अंशी तसं आहेही, पण मुळात कारण वेगळं.

समजा तुमच्या टिपणांच्या ॲपमध्ये जुन्या आवृत्तीत दोन रकाने होते, शीर्षक आणि मजकूर. नव्या आवृत्तीने तिसरा रकाना आणला, रंग. अपडेटनंतर पहिल्यांदा ॲप उघडलं की ते जुनी वही घेऊन नव्या तीन रकान्यांच्या वहीत सगळं उतरवून घेतं. हे काम लिहिणाऱ्याला सोपं असतं, कारण जुनी वही कशी होती ते त्याला माहीत आहे. आता उलटं करून बघा. जुनं ॲप तीन रकान्यांच्या वहीसमोर बसलंय. ते लिहिलं गेलं तेव्हा तिसरा रकाना जन्मालाच आला नव्हता. त्याचं काय करायचं हे त्याला कोण सांगणार? अँड्रॉइडमध्ये अशा वेळी, प्रोग्रॅमरने वेगळं काही लिहून ठेवलं नसेल तर, ॲप सरळ 'डेटाबेस खालच्या आवृत्तीवर नेता येत नाही' अशी तक्रार करून बंद पडतं. असे शेकडो डेटाबेस फोनमध्ये असतात. संपर्क, मेसेज, फोटोंची यादी, गजराच्या वेळा. सगळेच नव्या वळणाने लिहिलेले. ते तसेच ठेवून खाली जुनी सिस्टीम सरकवली तर फोन लोगोच्या पुढे न जाण्याचीच शक्यता जास्त.

त्यात कुलपं. आजच्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि अँड्रॉइडमध्ये त्या किल्ल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आवृत्तीशी आणि सुरक्षा-दुरुस्तीच्या तारखेशी बांधलेल्या असतात. आवृत्ती पुढे गेली की किल्ली पुढच्या तारखेची करून घेता येते. मागे गेली की किल्ली काम करायला नकार देते. पुन्हा तोच चोर डोळ्यापुढे ठेवून.

आयफोनचा बॅकअपही याच नियमाने चालतो. नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर उतरत नाही. म्हणजे मागे जायचं ठरवल्यावर घाईघाईने घेतलेला बॅकअप मागे गेल्यावर निरुपयोगी. बीटा, म्हणजे चाचणीसाठी आधी दिलेली आवृत्ती बसवणाऱ्यांनी त्याआधीच संगणकावर बॅकअप घेऊन तो वेगळा जपून ठेवावा, असं म्हणतात ते यासाठी. अँड्रॉइडच्या बीटातून बाहेर पडता येतं, गूगल त्यासाठी खास फाइल पाठवतं, पण तीही डेटा पुसूनच स्थिर आवृत्ती बसवते.

मग वाचवायचं कसं? जे साधं आहे ते साध्या रूपात बाहेर काढायचं. फोटो आणि कागदपत्रं संगणकावर, संपर्क खात्यात, चॅट ॲपचा बॅकअप त्या ॲपच्या स्वतःच्या सोयीने. आणि एक गोष्ट हमखास राहते: सहा आकडी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप. ते पुसलं गेलं की ईमेलपासून सगळीकडून आपणच बाहेर. त्यातली खाती आधी दुसऱ्या फोनवर हलवायची. आपल्या खात्याचा पासवर्ड आठवतोय ना, हेही तपासायचं. आयफोनमध्ये २०१३ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, पुसलेला फोन आधीच्या मालकाचं खातं मागितल्याशिवाय सुरू होत नाही. स्वतःच्याच फोनच्या दाराशी उभं राहून पासवर्ड आठवत बसण्याची वेळ अनेकांवर येते.

बूटलोडर अनलॉक करून बघू का?

सल्ला देणारे हा रस्ता फार सहज सांगतात. काही कंपन्या तो अधिकृतपणे उघडतात, काही आठवडाभर थांबायला लावतात, काही अजिबात देत नाहीत. अनलॉक केल्यावर सहीची तपासणी ढिली होते आणि बाहेरचं काहीही बसवता येतं. किंमत अशी: डेटा लगेच पुसला जातो. बँकांची बरीच ॲप्स असा फोन ओळखून चालायला नकार देतात. काही फोनवर चित्रपट उच्च दर्जात दिसणं बंद होतं. सॅमसंगवर परकं सॉफ्टवेअर टाकलं की नॉक्स या सुरक्षा-यंत्रणेचा फ्यूज उडतो आणि सिक्युअर फोल्डर, म्हणजे खाजगी गोष्टींचा कुलूपबंद कप्पा, कायमचं जातं, नंतर मूळ सॉफ्टवेअर आणलं तरी. आणि एवढं करूनही मघाचा मागे न फिरणारा आकडा तिथेच असतो, जळालेले फ्यूज अनलॉकने सांधले जात नाहीत. जुनी आवृत्ती बसवून झाल्यावर 'आता पुन्हा लॉक करून टाकू' म्हणणारे तर हमखास वीट बनवतात, कारण लॉक केल्याबरोबर तपासणी पूर्ण कडक होते.

फाइल कुठून घ्यायची, याचं माझं मत ठाम आहे. कंपनीकडून, नाहीतर नाही. सही तपासणारा फोन भेसळीची फाइल नाकारेलच, पण त्या फाइलबरोबर 'हे टूल संगणकावर चालवा' म्हणून जे दिलं जातं ते तपासायला कुणी बसलेलं नाही. फोन वाचवता वाचवता संगणक द्यायचा. मॉडेल क्रमांकही शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवायचा. एकाच नावाच्या फोनचे वेगवेगळ्या देशांसाठी वेगळे मोडेम असतात आणि चुकीच्या मोडेमचं सॉफ्टवेअर बसलं तर फोन सुरू होतो, सगळं दिसतं, फक्त नेटवर्क येत नाही.

दोष अपडेटचा आहे का?

हे खरं तर आधी विचारायला हवं होतं, पण रागात कुणी विचारत नाही. मोठ्या अपडेटनंतरचे पहिले एक-दोन दिवस फोन आतल्या आत राबत असतो. सगळी ॲप्स नव्या सिस्टीमसाठी पुन्हा घडवतो, फोटोंची यादी नव्याने करतो. तो गरम होतो, बॅटरी खातो. माझा फोन आणखी एखाद्या दिवसात शांत झाला असता की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही, कारण मी रिसेट मारून ते सगळं काम त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं.

कधी दोष सिस्टीमचा नसतोच. मार्च २०२१ मध्ये जगभरातल्या अँड्रॉइड फोनवर एकाएकी ॲप्स उघडल्या उघडल्या बंद पडू लागली. कुणी सिस्टीम अपडेट केलं नव्हतं. बिघडला होता तो 'वेबव्ह्यू' नावाचा एक छोटा घटक, ॲपच्या आत वेबपानं दाखवणारा, जो आपोआप अपडेट झाला होता. त्या घटकाचं अपडेट काढून टाकलं की फोन ठणठणीत. फोनमध्ये मुळातच असलेल्या बहुतेक ॲप्सना 'अपडेट अनइन्स्टॉल करा' ही सोय असते आणि तिने डेटाबिटा सगळं राहतं, जातो तो त्या एका ॲपचा. फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे आपण टाकलेली ॲप्स बंद ठेवून, दिवसभर वापरून बघावा. तिथे तो नीट चालला तर दोष आपण टाकलेल्या एखाद्या ॲपचा आहे आणि जुनी आवृत्ती आणूनही तो राहणारच.

माझ्या बाबतीत ब्लूटूथचा प्रश्न सेफ मोडमध्येही राहिला. कंपनीने त्या मॉडेलसाठी मागे जायची अधिकृत फाइल ठेवली होती, सगळ्याच ठेवत नाहीत. बिल्ड क्रमांक जुळवला, आकडा वाढलेला नव्हता. बॅटरी भरली, मूळ केबल शोधली, फाइल चढवली. वीसेक मिनिटं पडद्यावर एक रेघ सरकत होती आणि मी फोनकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. मग जुना, ओळखीचा पडदा आला. हेडफोन जोडला, संध्याकाळभर गाणी ऐकली, एकदाही सुटला नाही.

रात्री फोन चार्जिंगला लावला आणि झोपलो. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'सिस्टीम अपडेट आपोआप लागू करा' असं एक बटण असतं, ते बंद करायचं असतं, हे मला सकाळी नव्या आवृत्तीचं स्वागत वाचताना समजलं.